ऑफिसातले दहा संगणक, एक वेबसाइट आणि तुम्ही: सॉफ्टवेअरमधली भोकं वेळेत कशी बुजवायची

"तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना, मग तूच बघ जरा." पतसंस्था असो, शाळा असो की मार्केट यार्डातली पेढी, हे काम बहुतेक वेळा असंच कोणाच्या तरी अंगावर येतं. त्या दिवसापासून दहा-बारा संगणक, त्यांवरचे ब्राउझर, वर्ड-एक्सेल आणि संस्थेची वेबसाइट हे सगळं तुमचं. मी बरीच वर्षं अशीच छोटी ऑफिसं सांभाळतो आहे. सुरुवातीला मला कोणी सांगायला हवं होतं, ते इथे लिहितो.

सॉफ्टवेअरच्या सुरक्षेतल्या चुकीला 'व्हल्नरेबिलिटी' म्हणतात. मी तिला सरळ भोक म्हणेन. भोक सापडलं की कंपनी ते बुजवणारा पॅच काढते, आणि नवीन माणसाला वाटतं, चला, पॅच आला म्हणजे धोका गेला. खरं तर तिथून धोका वाढतो. पॅचमध्ये काय बदललं ते चोरही वाचतात, आणि भिंत नेमकी कुठे कच्ची होती ते त्यांना पॅचमुळेच कळतं.

वेबसाइट चालवणाऱ्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरचंच घ्या. २६ जानेवारी २०१७ ला त्यांनी ४.७.२ ही आवृत्ती आणली. आधीच्या दोन आवृत्त्यांमध्ये लॉगिन न करताही कोणालाही साइटवरचा मजकूर बदलता येत होता. लोकांना अपडेट करायला सवड मिळावी म्हणून या भोकाची माहिती मुद्दाम १ फेब्रुवारीपर्यंत रोखून धरली होती. ती जाहीर झाली आणि काही दिवसांतच, ज्यांनी अपडेट केलं नव्हतं त्यांच्या साइटांची लाखो पानं विद्रूप झाली. पॅच फुकट होता आणि सहा दिवस आधी हातात होता.

म्हणून आपलं काम एवढंच: पॅच आल्यापासून तो आपल्या मशीनवर खरोखर लागेपर्यंतचा वेळ कमी करायचा.

पायरी १: आधी यादी

पहिला दिवस वहीचा. एक जाड रजिस्टर घ्या किंवा एक्सेलची शीट करा. प्रत्येक मशीनपुढे विंडोजची आवृत्ती, ऑफिसची आवृत्ती, कोणकोणते ब्राउझर आहेत, आणि शेवटचं अपडेट कधी झालं ते लिहा. ऐकीव माहिती लिहू नका. खुर्चीवर बसून स्वतः उघडून बघा. "सगळीकडे विंडोज ११ आहे" असं सांगणाऱ्या ऑफिसात मला कोपऱ्यातल्या स्कॅनरला जोडलेलं विंडोज ७ सापडलेलं आहे.

हे काम कंटाळवाणं आहे, पण ते चुकलं की काय होतं ते इक्विफॅक्सने दाखवून दिलं. अमेरिकेतली ही कंपनी लोकांच्या कर्जफेडीचा इतिहास ठेवते. मार्च २०१७ मध्ये अपॅची स्ट्रट्स या सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरचा पॅच आला. कंपनीत लगेच मेल फिरली की ४८ तासांत लावा. तपासणीही झाली. पण ज्या एका पोर्टलमध्ये स्ट्रट्स होतं ते तपासणीतून निसटलं. मे महिन्यात हल्लेखोर तिथूनच आत शिरले आणि जुलैअखेर पकडले जाईपर्यंत आतच होते. सुमारे चौदा कोटी सत्तर लाख लोकांची माहिती गेली. पॅच होता, आदेश होता. नव्हती ती पक्की यादी.

यादीत एक रकाना 'मुदत' असा ठेवा. विंडोज ७ चा आधार (सपोर्ट) जानेवारी २०२० मध्ये संपला. विंडोज १० चा, आणि त्याच दिवशी ऑफिस २०१६ व २०१९ चा, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मुदतवाढीच्या योजनेत नसलेल्या अशा मशीनला यापुढे पॅच येणार नाही. डीटीपीवाल्यांकडे जुन्या फाँटसाठी आणि जुन्या पेजमेकरसाठी विंडोज ७ जपून ठेवलेलं असतं, आणि त्यांची अडचण खरी आहे. अशा मशीनचं इंटरनेट काढून टाका. फाइल न्यायची-आणायची तर दुसऱ्या मशीनवर तपासून. तेच मशीन मेलसाठीही वापरणं मात्र कुठल्याही कारणाने करू नका.

पायरी २: ब्राउझर

ब्राउझर हा अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम आपल्या घरात चालवतो. प्रत्येक वेबपान म्हणजे असा एक प्रोग्रॅमच. म्हणून तिथली भोकं सतत सापडतात. क्रोम ज्या कोडवर बनतो त्या क्रोमियमच्या टीमनेच २०२० मध्ये सांगितलं होतं की त्यांच्याकडच्या गंभीर सुरक्षा-चुकांपैकी सुमारे ७० टक्के मेमरी हाताळण्यातल्या असतात, आणि त्यातल्या निम्म्या 'यूज आफ्टर फ्री' या एकाच जातीच्या. म्हणजे काय, तर लॉजवरची खोली सोडली, पण चावी खिशातच राहिली. मॅनेजरने ती खोली दुसऱ्याला दिली. आता चावीवाला रात्री येऊन दुसऱ्याचं सामान बदलू शकतो. ब्राउझरने मेमरीचा तुकडा परत केला, पण त्याच्याकडे बोट दाखवणारा पत्ता कुठेतरी शिल्लक राहिला, की नेमकं हेच घडतं.

क्रोम अपडेट आपणहून उतरवतो. पण लागू होतो तो ब्राउझर बंद करून पुन्हा उघडल्यावर, आणि बहुतेक ऑफिसांत गाडी इथेच अडते. काउंटरवरच्या बाई संध्याकाळी मशीन बंद करत नाहीत, नुसतं झाकण मिटतात. तीस टॅब आठवडाभर उघडे. वर उजव्या कोपऱ्यात अपडेटचं बटण केव्हाचं आलेलं असतं. "ताई, हे दाबलं का नाही?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "सर, माझे टॅब जातील ना!"

टॅब जात नाहीत, हे त्यांना समोर बसून एकदा करून दाखवा. अर्धवट भरलेला फॉर्म मात्र जातो, म्हणून तो आधी पूर्ण करायला सांगा. इन्कॉग्निटोतले टॅबही परत येत नाहीत. मग तीन टिंबांच्या मेनूत 'हेल्प', त्यात 'अबाउट गूगल क्रोम' उघडा. ते पान उघडलं की ब्राउझर लगेच अपडेट शोधतो आणि 'रीलाँच' विचारतो. सेटिंगमध्ये 'ऑन स्टार्टअप' खाली मागचे टॅब पुन्हा उघडायचा पर्याय निवडून ठेवा. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की ताईंची भीती जाते. माझ्या अनुभवात दहा सूचनापत्रकांनी झालं नाही ते या पाच मिनिटांनी होतं.

हे दर आठवड्याला करायचं, महिन्याला नाही. क्रोमने ऑगस्ट २०२३ पासून सुरक्षेचे अपडेट दर आठवड्याला द्यायला सुरुवात केली, आणि त्याचं कारण वर सांगितलं तेच आहे. क्रोमियमचा कोड सगळ्यांना खुला असल्यामुळे दुरुस्ती आधी कोडमध्ये दिसते आणि लोकांच्या मशीनवर नंतर पोचते. पूर्वी या दोन्हींत सरासरी ३५ दिवसांचं अंतर असायचं, २०२० पासून ते सुमारे १५ दिवसांवर आलं होतं. चोराला तेवढे दिवसही पुरतात.

आणखी एक. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी या चित्रांच्या प्रकारात भोक सापडलं, सीव्हीई-२०२३-४८६३ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या भोकाला मिळणारा ओळखक्रमांक). नुसतं चित्र दाखवताना घात होऊ शकत होता. चूक क्रोमची म्हणून जाहीर झाली, पण खरी होती चित्र उलगडणाऱ्या एका सामायिक लायब्ररीत, म्हणजे अनेक प्रोग्रॅम वापरतात अशा तयार कोडमध्ये. तीच लायब्ररी फायरफॉक्समध्ये, एजमध्ये, थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये आणि क्रोमियमवर बेतलेल्या कितीतरी चॅट आणि नोट्सच्या अ‍ॅपांमध्ये. म्हणून यादीत 'कधीतरी लागतो' म्हणून ठेवलेला दुसरा ब्राउझरही लिहा. वापरत नसाल तर काढूनच टाका. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही, तेव्हा तिथे 'अपडेट झालेला आहे' असं दिसलं तरी त्यावर विसंबू नका.

पायरी ३: ऑफिस

इथे मी एकदा चुकीचा सल्ला दिला होता.

एका व्यापाऱ्याच्या पेढीत मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं: "वर्डची फाइल आली आणि मॅक्रो, म्हणजे फाइलमधला छोटा प्रोग्रॅम, चालू करायला सांगितलं, तर करू नका. बाकी काही होत नाही." हिशेबनीस काका शिस्तीचे. त्यांनी ते तंतोतंत पाळलं. एक दिवस 'कोटेशन' नावाची फाइल आली. मॅक्रोचा प्रश्न आलाच नाही. वर पिवळी पट्टी होती, तिच्यावर 'एनेबल एडिटिंग'. छापायला ते दाबावं लागतंच, म्हणून त्यांनी दाबलं. फाइल कोरी. त्यांनी ती बंद केली आणि विसरून गेले. तीन आठवड्यांनी दोन गिऱ्हाइकांनी फोन केला: "तुमच्या मेलवर नवीन खातं क्रमांक आलाय, त्यात पैसे भरले." मेलचा पासवर्ड त्याच दिवशी गेला होता. मशीनवर ऑफिस २०१० होतं आणि अपडेट बंद करून ठेवलेले होते. काकांनी माझं ऐकलं होतं. माझं सांगणंच अपुरं होतं.

असं काम करणारं नावाजलेलं भोक म्हणजे सीव्हीई-२०१७-११८८२. ऑफिसमध्ये गणिताची समीकरणं लिहायला 'इक्वेशन एडिटर' नावाचा छोटा प्रोग्रॅम असायचा. तो नोव्हेंबर २००० मध्ये तयार झालेला, आणि पुढच्या सुरक्षायोजना त्यात कधी आल्याच नाहीत. फाइलमध्ये एका ठिकाणी प्रमाणापेक्षा लांब मजकूर कोंबला की तो ठरलेल्या जागेबाहेर सांडायचा आणि चोराचा कोड चालायचा. मॅक्रो लागत नव्हता. नोव्हेंबर २०१७ मध्ये पॅच आला, आणि जानेवारी २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो एडिटरच काढून टाकला. तरी पुढे कित्येक वर्षं पासवर्ड चोरणारे लोक हेच भोक वापरत राहिले, कारण जुनं, पॅच न लावलेलं ऑफिस सगळीकडे शिल्लक होतं.

२०२२ च्या मे महिन्यातलं 'फोलिना', म्हणजे सीव्हीई-२०२२-३०१९०, त्याच वळणाचं. वर्डची फाइल विंडोजच्या अडचण शोधणाऱ्या साधनाला हाक मारायची आणि त्याच्याकरवी हुकूम चालवायची. यातही मॅक्रो नाही. आरटीएफ (वर्डमध्ये उघडणारा आणखी एक प्रकार) फाइल असेल तर ती उघडायचीही गरज नव्हती, फाइल एक्सप्लोररच्या प्रिव्ह्यू खिडकीत दिसली तरी पुरे. पॅच आला १४ जूनला.

तर ऑफिससाठी या क्रमाने चला. कोणतंही वर्ड उघडा, 'फाइल', मग 'अकाउंट', तिथे 'अपडेट ऑप्शन्स' मध्ये 'अपडेट नाऊ'. ते बटणच दिसत नसेल, तर अपडेट कोणी बंद करून ठेवले आहेत का, आवृत्ती जुनी आहे का, परवाना आहे का ते बघा. आवृत्ती जुनी किंवा बिनपरवान्याची निघाली तर मालकाशी बोलायची वेळ आली आहे आणि ते बोलणं टाळू नका. मग एक्सप्लोररमधली प्रिव्ह्यू खिडकी बंद करा.

पिवळ्या पट्टीबद्दल मात्र नीट समजावून सांगा. ती असते तेव्हा फाइल काचेआड असते, वाचता येते पण तिचे हात बांधलेले असतात. 'एनेबल एडिटिंग' म्हणजे काच काढणं. नियम असा ठेवा: पाठवणाऱ्याला आधीपासून असलेल्या नंबरवर फोन झाल्याशिवाय काच काढायची नाही. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करून उपयोग नाही.

आणि पेनड्राइव्ह. इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज एक अदृश्य खूण करून ठेवतं, आणि ती खूण बघूनच वर्ड पिवळी पट्टी दाखवतं. ही खूण एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवरच टिकते. बहुतेक पेनड्राइव्ह वेगळ्या पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात. फाइल सायबर कॅफेतून पेनड्राइव्हवर आली, की खूण पुसली जाते आणि पट्टी येतच नाही. छपाईची कामं घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं, कारण गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊनच येतं.

मायक्रोसॉफ्ट ऑफिसऐवजी फुकटातलं लिबरऑफिस वापरता? चांगलं आहे, पण अपडेट त्यालाही लागतात. सीव्हीई-२०१८-१६८५८ हे मॅक्रोशी संबंधित भोक त्यातलंच.

पॅच कधी लावायचे? मायक्रोसॉफ्टचे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात, म्हणून आपला दिवस बुधवार. बुधवारी सकाळी एका मशीनवर लावा. छपाई, टॅली आणि मराठी टायपिंग चालतंय का ते बघा. गुरुवारी बाकी सगळीकडे.

पायरी ४: वेबसाइट आणि सर्व्हर

साइट शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांच्या साइट असलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर असेल, तर सर्व्हरचं सॉफ्टवेअर होस्टिंगवाल्याच्या हाती आणि वर्डप्रेस, थीम, प्लगइन तुमच्या हाती. प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडलेले जादा छोटे प्रोग्रॅम, हीच तुमची सगळ्यात मोठी डोकेदुखी. नको असलेलं प्लगइन 'डीअ‍ॅक्टिव्हेट' करून ठेवू नका, डिलीट करा. बंद प्लगइनच्या फाइली सर्व्हरवर तशाच पडून असतात आणि बाहेरून थेट हाक मारली तर उत्तर देऊ शकतात.

स्वतःचा लिनक्स सर्व्हर असेल तर अपॅचीची (वेबसाइट लोकांपर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम; वरच्या स्ट्रट्सपेक्षा वेगळा) ही हकिकत नीट वाचा. सप्टेंबर २०२१ मध्ये अपॅची २.४.४९ आली. वेबसाइटचा पत्ता तपासायच्या पद्धतीत त्यांनी बदल केला होता. ../ म्हणजे एक फोल्डर वर जा. असा पत्ता बाहेरून आला तर सर्व्हरने तो अडवायचा असतो, नाहीतर कोणीही वर-वर चढत साइटच्या फोल्डरबाहेर जाईल. नव्या तपासणीत साधी टिंबं अडत होती. पण दुसरं टिंब सांकेतिक रूपात, म्हणजे टक्क्याचं चिन्ह, दोन आणि ई असं लिहिलं, की निसटत होतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला २.४.५० ने ते बुजवलं. लोकांनी मग संकेताचाच पुन्हा संकेत करून पाठवला, आणि तो आत गेला! तीन दिवसांत २.४.५१ काढावी लागली.

यातून दोन गोष्टी घ्या. एक, पहिला पॅच शेवटचा असेल असं धरू नका. आठवडाभर त्या भोकावर नजर ठेवा. दोन, ज्यांच्या सेटिंगमध्ये साइटबाहेरच्या सगळ्या फोल्डरांना 'रिक्वायर ऑल डिनाइड' लावलेलं होतं, ते भोक असूनही वाचले. आत्ताच आपली अपॅचीची सेटिंग फाइल उघडा आणि सर्व्हरच्या मूळ फोल्डरसाठी ( / ), साइटच्या फोल्डरसाठी नव्हे, ही ओळ आहे का ते बघा. चोर कुंपण ओलांडून आला तरी खोलीला कुलूप हवं.

नवीन माणसाची फसगत होते ती आवृत्तीच्या आकड्यावरून. उबंटू आणि डेबियन हे लिनक्सचे प्रकार बऱ्याचदा जुनीच आवृत्ती ठेवून तिच्यात फक्त सुरक्षेची दुरुस्ती बसवतात. त्यामुळे आकडा जुना दिसला म्हणून घाबरू नका. पॅकेजच्या बदलांच्या नोंदीत तो सीव्हीई क्रमांक आहे का ते शोधा. आणि उलटही होतं: पॅकेज नवीन, पण चालू असलेला सर्व्हर जुनीच लायब्ररी मेमरीत घेऊन बसलेला. अपडेटनंतर सर्व्हिस रीस्टार्ट करा. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलला असेल तर मशीनच.

कधीकधी एवढ्यानेही भागत नाही. एप्रिल २०१४ मधल्या 'हार्टब्लीड' या भोकामुळे ओपनएसएसएल या, वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या लायब्ररीतून एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत मेमरी बाहेर सांडत होती. त्यात पासवर्ड असू शकत होते, सर्टिफिकेटची खाजगी किल्लीही. पॅच लावल्याने गळती थांबली, पण सांडलेलं परत आलं नाही. किल्ल्या आणि पासवर्ड बदलणं हाच तिथे उरलेला इलाज होता. जिथे जिथे 'माहिती उघड होऊ शकते' असं वाचाल, तिथे पॅचनंतर किल्ल्या बदलायचं काम वहीत लिहा.

पायरी ५: सूचना वाचायची कशी

भारतात सर्ट-इन ही सरकारी संस्था अशा सूचना काढते. त्यांची साइट आठवड्यातून एकदा तरी बघा. सूचनेत आधी 'बाधित सॉफ्टवेअर' वाचा आणि यादीशी ताडा. आपल्याकडे ते नसेल तर पुढे वाचत बसू नका. असेल तर सीव्हीई क्रमांक वहीत उतरवा. त्यातला मधला आकडा वर्ष असतं. शेजारी शून्य ते दहा असा गंभीरपणाचा गुण असतो. डिसेंबर २०२१ मधल्या 'लॉगफोरशेल' या भोकाला पूर्ण दहा मिळाले होते.

पण नुसत्या गुणावर जाऊ नका. मी आधी बघतो ते 'इन द वाइल्ड' हे शब्द आहेत का, म्हणजे या भोकातून प्रत्यक्ष हल्ले चालू आहेत का. असतील तर त्याच दिवशी काम. मग, ते सॉफ्टवेअर इंटरनेटवरून थेट पोचता येईल असं आहे का? लॉगिन न करता हल्ला होतो का? आपल्या वेबसाइटवरचं सात गुणांचं भोक आतल्या प्रिंटरवरच्या नऊ गुणांच्या भोकाआधी बुजवा.

पायरी ६: कोणी आत शिरलंच तर

पहिली ऊर्मी होते मशीन फॉरमॅट करायची. थांबा. नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा, मशीन चालूच ठेवा. स्क्रीनचे फोटो मोबाइलवर काढा, वेळ लिहून ठेवा. पासवर्ड बदला, पण दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून. आधी मेलचा, मग बँकेचा. मेलमध्ये कोणी गुपचूप फॉरवर्डिंगचा नियम टाकून ठेवला आहे का तेही तपासा. पेढीच्या प्रकरणात पासवर्ड बदलल्यावरही मेल बाहेर जात राहिल्या त्या अशाच नियमामुळे.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. तिथे तास महत्त्वाचे असतात. संस्था-कंपन्यांना सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते, आणि लॉग (सर्व्हरने आपोआप ठेवलेल्या नोंदी) १८० दिवस जपायचे असतात. उबंटूवर अपॅचीचे लॉग मुळात १४ दिवसांनी पुसले जातात, म्हणून जुने लॉग पुसणाऱ्या 'लॉगरोटेट'च्या सेटिंगमधला तो आकडा आजच वाढवून ठेवा. सर्व्हरचे लॉग आणि संशयित फाइल वेगळ्या डिस्कवर उतरवा, डिस्कवर तारीख लिहून ती कपाटात कुलपात ठेवा. फॉरमॅट त्यानंतर.